मालवाहू विमानसेवेची जन्मकथा : ‘सी’ श्रेणी, जुगाराचे टेबल आणि गळून पडलेले नागपूर

रायपूर : संध्याकाळी दिलेले पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याचा व्यवसाय जगभर ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो, त्या फेडेक्सच्या जन्माच्या दोन कथा कुरिअरच्या कचेऱ्यांपासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांपर्यंत सर्वत्र ऐकू येतात. पहिल्या कथेत येल विद्यापीठातील एक विद्यार्थी आपल्या निबंधात या सेवेची संपूर्ण कल्पना मांडतो आणि प्राध्यापक ती अव्यवहार्य ठरवून त्याला ‘सी’ श्रेणी देतात. दुसऱ्या कथेत तोच विद्यार्थी पुढे कंपनीचा मालक होतो, इंधनाला पैसे उरत नाहीत तेव्हा शेवटची शिल्लक घेऊन लास व्हेगासला जातो आणि पत्त्यांच्या जुगारात कंपनी वाचवतो. संस्थापक फ्रेडरिक स्मिथ यांचे 21 जून 2025 रोजी वयाच्या 80 व्या वर्षी निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांतून या दोन्ही कथा पुन्हा एकदा छापल्या गेल्या.

दोन्हींत तथ्याचा अंश आहे. मात्र त्या ज्या रीतीने सांगितल्या जातात, त्या रीतीत या उद्योगाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग गळून पडतो. त्या गळालेल्या भागात रायपूरपासून हवाई अंतराने जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचाही समावेश होतो.

निबंध आणि त्याचे गुण

स्मिथ यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास येलमध्ये अर्थशास्त्र शिकत असताना असा एक निबंध लिहिला होता, हे खरे. त्याचा विषय मात्र विमानकंपनीचा आराखडा हा नव्हता. समाजाचे व्यवहार जसजसे संगणकांवर आणि स्वयंचलित यंत्रांवर अवलंबून राहतील, तसतसे त्या यंत्रांचे सुटे भाग तातडीने पोहोचवणारी वेगळी वाहतूकव्यवस्था लागेल, असे निरीक्षण त्यात होते. यंत्र बंद पडले की कारखाना किंवा बँक थांबते आणि तो थांबलेला वेळ सुट्या भागाच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडतो, हा त्यामागचा हिशेब. गुणांविषयी स्मिथ यांनीच पुढे सांगितले की ते नेमके किती मिळाले हे आपल्याला आठवत नाही. एका पत्रकाराने विचारले तेव्हा नेहमीसारखा ‘सी’च मिळाला असावा, असे उत्तर आपण दिले. या अंदाजाचे पुढे विधान झाले, विधानाची कथा झाली आणि कथेत प्राध्यापकाच्या तोंडी एक खोचक शेराही घातला गेला. तो शेरा आज सुविचारांच्या संग्रहांत अवतरणचिन्हांसह सापडतो.

निबंधानंतरची वर्षे कथेत येत नाहीत. स्मिथ व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या मरीन दलात होते. परतल्यावर त्यांनी अर्कान्सा राज्यातील विमानांची देखभाल व विक्री करणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवला. जून 1971 मध्ये ‘फेडरल एक्स्प्रेस’ची नोंदणी झाली. त्या नावातील ‘फेडरल’ शब्दामागेही एक फसलेला बेत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील, म्हणजे फेडरल रिझर्व्हमधील, धनादेशांची रात्रीची वाहतूक आपल्याला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ते कंत्राट मिळाले नाही. नाव तेवढे राहिले. पुढे दोन सल्लागार संस्थांकडून बाजारपेठेचा अभ्यास करून घेण्यात आला. त्यांपैकी एका संस्थेतील रॉजर फ्रॉक नंतर कंपनीतच वरिष्ठ अधिकारी झाले. भांडवलही केवळ साहसातून उभे राहिले नाही. स्मिथ यांचे वडील बसवाहतुकीच्या धंद्यात श्रीमंत झाले होते. कुटुंबाचे काही दशलक्ष डॉलर आणि गुंतवणूकदारांचे अनेक कोटी डॉलर या उपक्रमात घातले गेले.

कथेत सर्वांत कमी स्थान मिळते ते कायद्याला. त्या काळी अमेरिकेत कोणत्या विमानकंपनीने कोणत्या मार्गावर काय न्यावे हे सरकारी मंडळ ठरवत असे आणि नव्या कंपनीला परवाना मिळणे दुरापास्त होते. लहान ‘हवाई टॅक्सी’ला त्यातून सूट होती. ही सूट 1972 मध्ये वाढवून 7,500 पौंड, म्हणजे सुमारे 3,400 किलो भारापर्यंत करण्यात आली. फेडरल एक्स्प्रेसने घेतलेली दासो फाल्कन ही फ्रेंच बनावटीची छोटी जेट विमाने या मर्यादेत बसत होती. 1977 मध्ये मालवाहतुकीवरील निर्बंध उठल्यावरच कंपनीला मोठी विमाने घेता आली. नियमावलीतील एका आकड्यावर एवढा मोठा उद्योग उभा राहिला, ही गोष्ट जुगाराच्या टेबलापेक्षा कमी रंजक नाही. पण ती सांगायला जरा वेळ लागतो.

लास व्हेगासच्या कथेला मात्र आधार आहे. रॉजर फ्रॉक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ती दिली आहे. कंपनीच्या खात्यात 5,000 डॉलरच्या आसपास रक्कम होती, इंधनाचे 24,000 डॉलर देणे होते आणि स्मिथ यांनी जुगारात 27,000 डॉलर मिळवले, असे त्यांनी लिहिले आहे. प्रश्न खरेखोटेपणाचा नसून प्रमाणाचा आहे. त्या रकमेने काही दिवसांचे इंधन आले. कंपनी तरली ती त्यानंतर उभ्या राहिलेल्या कोट्यवधी डॉलरच्या भांडवलामुळे आणि दोन वर्षांहून अधिक काळ तोटा सोसण्याची तयारी असलेल्या बँका व गुंतवणूकदारांमुळे. कंपनीच्याच नोंदीनुसार 17 एप्रिल 1973 रोजी, नियमित सेवेच्या पहिल्या रात्री, 14 विमानांनी 25 शहरांत 186 पाकिटे पोहोचवली आणि त्या कामी 389 कर्मचारी होते. म्हणजे दोन माणसांमागे एक पाकीटही नव्हते.

चाकाचा तुंबा आणि आरे

या व्यवसायाची खरी गुरुकिल्ली जिला मानले जाते ती कल्पना बैलगाडीच्या चाकावरून समजते. चाकाचे सगळे आरे मधल्या तुंब्यात येऊन मिळतात. विमाने आऱ्यांप्रमाणे चहूकडून एका मध्यवर्ती ठिकाणी येतात, तिथे माल उतरवून गावनिहाय वेगळा केला जातो आणि तीच विमाने तो घेऊन परततात. वरवर पाहता यात शहाणपणा दिसत नाही. रायपूरचे पाकीट विशाखापट्टणमला जायचे असेल तर ते आधी उलट्या दिशेने दुसऱ्याच शहरी का न्यावे, असा प्रश्न पडतो.

उत्तर साध्या गणितात आहे. 25 शहरांतील प्रत्येक शहर दुसऱ्या प्रत्येक शहराशी थेट जोडायचे तर 300 जोड्या होतात. मध्यवर्ती ठिकाणामार्गे 25 मार्ग पुरतात. रायपूर ते विशाखापट्टणम अशी रोजची पाकिटे विमान भरण्याइतकी कधीच नसतात. परंतु रायपूरहून साऱ्या देशाकडे जाणारी पाकिटे एकत्र केली तर वाहन भरते. म्हणूनच ज्या गावाचा स्वतःचा भरणा कमी, त्याला या रचनेचा लाभ अधिक.

ही कल्पना स्मिथ यांनी शोधून काढली, असे कचेऱ्यांतून सांगितले जाते. स्वतः स्मिथ यांनी मात्र तसा दावा केलेला नाही. एका प्रसिद्ध मुलाखतीत त्यांनी बँकांच्या क्लिअरिंग हाऊसचे उदाहरण दिले. तिथे प्रत्येक बँकेचा माणूस दुसऱ्या प्रत्येक बँकेत न जाता सर्वजण एका ठिकाणी जमतात आणि धनादेशांची देवघेव करतात. वाहतुकीतही हे पूर्वी झालेले आहे, असे सांगून त्यांनी तीन नावे घेतली : महायुद्धानंतर तसा प्रयत्न करून पाहणारी अमेरिकन एअरलाइन्स, फ्रान्सचे टपालखाते आणि भारताचे टपालखाते. नागपूरचा उल्लेख त्यांनी केला नाही. पण भारतीय टपालखात्याने अशी रचना जिथे उभी केली, ते ठिकाण नागपूरच होते.

सोनेगावची मध्यरात्र

जानेवारी 1949 च्या अखेरीस ‘रात्रीची हवाई टपालसेवा’ सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासच्या किंवा कलकत्त्याच्या टपालकचेरीत असे. रेल्वेने याच प्रवासाला दिवसाहून अधिक वेळ लागत होता.

नागपूरची निवड कशी झाली हे नकाशा सांगतो. तेथून ही चारही शहरे साधारण सातशे ते एक हजार किलोमीटरच्या हवाई अंतरावर आहेत. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या डाकोटा विमानाला त्यासाठी अडीच ते पावणेचार तास पुरत. म्हणजे जाऊन येऊन एक रात्र, आणि मधल्या अदलाबदलीला सवड. नकाशावर कलकत्ता ते नागपूर सरळ रेषा ओढली तर ती रायपूरच्या किंचित उत्तरेकडून जाते. त्या काळी रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि 1956 पर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. तरीही हवाई टपालाच्या या जाळ्यात रायपूर नव्हते. येथील पत्रांना आधी रेल्वेचाच आधार होता. मध्यवर्ती केंद्राचा लाभ आऱ्याच्या टोकाला असलेल्या गावाला मिळतो. आऱ्याखाली पडणाऱ्या गावाला नव्हे.

ही सेवा सुरू होण्यामागे तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांचा आग्रह होता. सरकारने 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचा निर्णय घेतला, तोही याच धोरणाचा भाग होता. तथापि ‘एका मंत्र्याने चमत्कार केला’ अशी कथा रचली तर तीही तितकीच अपुरी ठरेल. महायुद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने मोठ्या संख्येने विक्रीस निघाली होती. ती घेऊन अनेक खासगी विमानकंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि प्रवासी अपुरे असल्याने त्यांना उत्पन्नाचे निश्चित साधन हवे होते. युद्धकाळातील वैमानिक उपलब्ध होते. सोनेगावचे धावपट्टीक्षेत्र पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाने ते वापरले होते. शिवाय टपालखात्यात रात्रभर टपाल वेगळे करण्याची रेल्वे टपालसेवेची जुनी परंपरा होती. धावत्या डब्यात पत्रे छाटणारे हात खात्याकडे आधीपासून होते. या सगळ्यांवाचून मंत्र्यांचा आग्रह कागदावरच राहिला असता.

मार्ग सुरळीतही नव्हता. पहिल्यांदा ही सेवा चालवणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स काही महिन्यांतच बंद पडली. सेवेत खंड पडला आणि त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. दोन इंजिनांची विमाने रोज रात्री भरवस्तीपासून दूर, जंगलांवरून उडवणे धोक्याचे होते. ऑगस्ट 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन ही जबाबदारी इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळून 13 जण मृत्युमुखी पडले. या विमानांतून प्रवासीही जात असत. मध्यरात्री नागपुरात थांबणाऱ्या प्रवाशांसाठी 1953 मध्ये नवी इमारत बांधण्यात आली. तिच्यात भोजनाची व विश्रांतीची सोय, पुस्तकांचे दुकान आणि विमाने पाहायला येणाऱ्यांसाठी सज्जाही होता.

ही सेवा ऑक्टोबर 1973 पर्यंत चालली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मेम्फिसहून 14 फाल्कन विमाने पहिल्यांदा उडाली होती. चोवीस वर्षांहून अधिक काळ चाललेली एक सरकारी रात्रसेवा थांबली आणि साधारण त्याच वेळी तशाच रचनेची खासगी सेवा जन्माला आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध जोडण्यास आधार नाही, पण तारखा ध्यानात राहतात.

प्रतिकथेचा मोह

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘फेडेक्सची कल्पना मुळात नागपूरची’ असे म्हणणे अभिमानाला सुखावणारे असले तरी तीही एक दंतकथाच होईल. अमेरिकेत रात्रीच्या हवाई टपालाचे प्रयोग 1921 पासून झाले आणि पुढे वैमानिकांना वाट दाखवण्यासाठी मार्गावर दीपस्तंभ उभारण्यात आले. फ्रान्समध्ये रात्रीचे हवाई टपाल 1939 मध्ये सुरू झाले होते. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये फ्रँकफर्टभोवती तशीच रात्रसेवा उभारली. नागपूरचे वैशिष्ट्य एवढेच, की देशाच्या चारही कोपऱ्यांतील टपाल एका ठिकाणी, एकाच वेळी, रोज बदलून घेण्याची रचना तिथे फार लवकर आणि दीर्घकाळ चालली. एवढे श्रेयही लहान नाही, आणि ते सिद्ध करण्यास अतिशयोक्तीची गरज पडत नाही.

मग कचेऱ्यांतून टिकते ती ‘सी’ श्रेणीच. धनादेशगृह, 7,500 पौंडांचा नियम आणि सोनेगाव का टिकत नाहीत? अमेरिकेतील जोॲन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’ या नियतकालिकात यावर एक लेख लिहिला. निरनिराळ्या संस्थांतील कर्मचारी ‘आमची संस्था जगावेगळी’ हे पटवण्यासाठी ज्या कथा सांगतात, त्या तपासल्यावर त्याच सात प्रकारच्या कथा सर्वत्र आढळल्या. मोठा साहेब माणूस आहे का, लहान माणूस वर चढू शकतो का, चूक झाली तर काय होईल, अडथळा आला तर संस्था काय करील, अशा प्रश्नांभोवती त्या फिरतात. वेगळेपणाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथाच सर्वांत सामाईक असतात, हा त्या लेखाचा निष्कर्ष होता.

फेडेक्सच्या कथा या चौकटीत चपखल बसतात. जन्मकथेबरोबर तिथे आणखी कथा सांगितल्या जातात : वैमानिकांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर इंधन भरले, पाकीट पोहोचवणाऱ्या एकाने पेट्रोलसाठी हातातले घड्याळ गहाण ठेवले. अशा प्रसंगांत कामगारांची निष्ठा दिसते आणि ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण एका अडचणीच्या काळात स्वेच्छेने केलेला त्याग पुढच्या पिढीला प्रशिक्षणात ऐकवला गेला, की तो हळूहळू मोजमापाची पट्टी बनतो. ज्या व्यवसायात पाकीट पोहोचवणारा कर्मचारी अनेकदा कंत्राटी असतो, नगावर मोबदला घेतो आणि दुचाकीचे पेट्रोल स्वतःच भरतो, तिथे घड्याळाच्या कथेचा अर्थ सांगणाऱ्यासाठी एक आणि ऐकणाऱ्यासाठी दुसरा असू शकतो. घड्याळ गहाण पडले हे सर्वांना माहीत असते. ते सोडवले कोणी, हे कथेत नसते.

जन्मकथा एकाच माणसाच्या डोक्यात सुरू झाली की त्या पहिल्या रात्रीचे 389 कर्मचारी पार्श्वभूमीला जातात. सोनेगावच्या बाबतीत तर पार्श्वभूमीही उरलेली नाही. मध्यरात्रीच्या थंडीत थैल्या उतरवणारे हमाल, दिव्याच्या उजेडात त्या वेगळ्या करणारे टपालकर्मचारी, विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक यांच्याविषयी कोणतीही गोष्ट कुठल्याही कचेरीत सांगितली जात नाही. सरकारी सेवेला संस्थापक नसतो. म्हणून तिला जन्मकथाही नसते.

दुसरा प्रयत्न

नागपूरच्या भूगोलावर पुढेही एकदा पैज लावली गेली. एअर डेक्कनमुळे प्रसिद्ध झालेले निवृत्त कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी 2009 मध्ये ‘डेक्कन 360’ ही मालवाहू विमानसेवा सुरू केली आणि तिचे मुख्य केंद्र नागपूरला ठेवले. एअरबस ए-310 जातीची मालवाहू विमाने रात्री तिथे एकत्र येत आणि माल बदलून परतत. रचना तीच होती, ठिकाणही तेच होते; टपालथैल्यांच्या जागी पाकिटे होती आणि डाकोटाच्या जागी जेट. 2011 मध्ये ती बंद पडली. इंधन महाग होते आणि विमानांचे भाडे भरण्याइतका भरणा रोज मिळत नव्हता. देशातील तातडीच्या हवाई मालवाहतुकीत तोवर ब्लू डार्ट स्थिरावली होती. या कंपनीने 1983 मध्ये कुरिअर म्हणून सुरुवात करून आधी ग्राहक जोडले आणि स्वतःची विमाने उडवली ती तेरा वर्षांनी, 1996 मध्ये.

रायपूरहून निघणारे पाकीट आज प्रवासी विमानाच्या पोटातून जाते, नाहीतर रात्री ट्रकमध्ये चढून राजनांदगावमार्गे महामार्गाने नागपूरकडे जाते. हे अंतर कापायला ट्रकला साधारण सहा-सात तास लागतात. डाकोटाला तासभर लागला असता.